वेगळ्या चुली

माझ्या धाकट्या नातीचं, केतकीचं, बारसं झालं ते वर्ष एकोणीसशे नव्वद. एप्रिलचा महिना होता. आतल्या खोलीत बायकांचं पाळणा म्हणणं चाललं होतं आणि मी घुगऱ्यांची वाटी घेऊन समोरच्या दाराकडे निघाले होते. न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला एका जुन्या सहा मजली इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो. आम्ही म्हणजे माझा मुलगा विलास, सून कुमुद, दोन नाती आणि मी.

समोरच्या दाराशी एक माणूस उभा होता. अंगात तपकिरी कोट, हातात पुठ्ठ्याला अडकवलेले कागद. घंटा वाजवून वाजवून कंटाळला होता.

"इथं कोण राहतं, मॅडम?" त्यानं मला विचारलं.

"एमेटराव."

"आणि मिस्टर लायनेल?"

"ते गेले. फेब्रुवारीत." माझं इंग्रजी तुकड्यातुकड्यांचं. मी बोट वर केलं.

"वाईट झालं," तो म्हणाला. मग कागदाकडे बघत, "हे मिस्टर एमेट त्यांचे कोण लागत होते?"

हा प्रश्न मी ओळखला. पुठ्ठा ओळखला, कानामागची पेन्सिल ओळखली. आमच्या गावात, कराड तालुक्यात, रेशनकार्डं तपासायला साहेब यायचा तो असाच दारात उभा राहून हेच विचारायचा. या घरात किती माणसं, कोण कुणाचं, चूल एक की दोन? माझे दीर-जाऊ आणि आम्ही एकत्रच होतो. पण चूल एक म्हटलं की कार्ड एक, आणि कार्ड एक म्हटलं की साखर आणि रॉकेल एकाच घराचं. म्हणून साहेब येणार असं कळलं की जाऊबाई गोठ्यात तीन दगड मांडायची, वर काळं गाडगं ठेवायची, आमच्याच चुलीतली राख नेऊन खाली टाकायची. साहेब वाकून बघायचा. मी ठासून सांगायची, "आमचं सगळं येगळं हाय साहेब. चूल येगळी, दाणा येगळा." अख्खं गाव हेच सांगायचं. सरकारी माणसानं विचारलं तर वेगळं सांगावं, त्यात घराचं भलं असतं, हे मला लिहिता-वाचता येत नव्हतं तरी पक्कं ठाऊक होतं.

आणखीही एक कारण होतं. ते मी पुढं सांगते.

"दोघं वेगळे," मी त्या माणसाला म्हटलं. "खोली वेगळी. कुकिंग वेगळं. सगळं वेगळं."

"म्हणजे मिस्टर एमेट भाड्यानं राहत होते? पोटभाडेकरू?"

"यस. भाड्यानं."

"नक्की?"

"मी रोज बघते. दार समोर आहे."

तो भराभरा लिहीत गेला. शेवटी कागद पुढं करून सही कर म्हणाला. मी त्याचं पेन घेतलं, अंगठ्यावर शाई चोळली आणि त्यानं दाखवलेल्या जागी अंगठा दाबला. तो थोडा वेळ त्या ठशाकडे बघत राहिला. मग मी वाटी पुढं केली.

"हे काय?"

"हरभरे. नात झाली."

त्यानं चार दाणे तोंडात टाकले, छान आहे म्हणाला आणि जिना उतरून गेला. मी घरात आले ती खुशीत. एमेटरावचं एक काम परस्पर करून टाकलं होतं.

आता ते दुसरं कारण. माझे मालक गेल्यावर विलासनं मला अमेरिकेत आणलं, ते चौऱ्याऐंशी साल. सकाळी आठला सगळे बाहेर पडायचे, संध्याकाळी सहाला यायचे. मधले दहा तास मी आणि भिंती. खिडकीतून माणसं दिसायची ती वरून, टोप्या आणि छत्र्या. तोंड उघडायला कारण नव्हतं. कधी कधी आपला आवाज आहे की गेला हे बघायला मी मोठ्यानं देवाचं नाव घ्यायची.

एकदा दार लागून मी बाहेर अडकले. थंडीचे दिवस, अंगावर नुसतं लुगडं, पायात काही नाही. समोरचं दार उघडलं. लायनेल उंच, काळा, पोस्टात टपाल वेगळं करण्याची नोकरी करून निवृत्त झालेला. त्याच्या मागं एमेट, गोरा, काटकुळा, नाकावर चष्मा. तो छापखान्यात चुका तपासायचा. त्यांनी मला खुर्ची दिली, घोंगडं दिलं, आणि लायनेलनं दुधाचा चहा केला. त्या दिवसापासून दुपारचा चहा मी तिथंच घ्यायला लागले. माझी थोरली नात मला आजी म्हणते हे ऐकून तेही मला आजी म्हणू लागले. एमेटला मी एमेटराव म्हणायची. त्याचा अर्थ त्यानं विचारला तेव्हा मी सांगितलं, मानाचं आहे. लायनेल म्हणाला, "मग मला का नाही?" मी म्हटलं, "तुमचा चहा जमला की देईन." तो सहा वर्षं हसत होता त्यावर.

त्या घरात जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं होती. न्हाणीघराच्या दारावरसुद्धा फळी होती. पुठ्ठ्याच्या खोक्यांत मासिकं, टंकलेले गठ्ठे, आणि पत्रं. एमेटनं मला एकदा समजावून सांगितलं. बाईवर नव्हे तर पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांनी, आणि बाईवर जीव जडलेल्या बायकांनी लिहिलेलं आहे हे. त्यांच्या गोष्टी, त्यांच्या कविता, त्यांना नोकरीतून काढलं त्याचे कागद. लायब्ररीत कोणी ठेवायचं नाही. असलं घरात सापडलं तर नोकरी जायची, पोलीस यायचे. म्हणून या दोघांनी तीस वर्षं जमवलं. लांबच्या लहान गावांतली माणसं पोस्टातल्या एका पेटीक्रमांकावर पत्रं लिहायची, हवं ते पुस्तक मागवायची, वाचून परत पाठवायची. "एक माणूस," एमेट म्हणाला, "तीन पानं लिहायचा, आणि शेवटी लिहायचा, कृपया हे पत्र जाळून टाका."

"मग जाळलंत?"

"नाही."

"का हो?"

"जाळलं असतं तर तो होता हे कुणाला कळलं असतं?"

मला निम्मं समजलं. बाकीचं निम्मं मी त्यांच्या घरात पाहिलं होतं. एकदा एमेट तापानं पडला तेव्हा मी सुंठीचा काढा घेऊन आत गेले होते. एकच पलंग होता, दोन उशा, दोन चष्मे. मी काढा ठेवला आणि बाहेर आले. ही गोष्ट मी विलासला सांगितली नाही, कुमुदला सांगितली नाही. झाकून ठेवली. कुणी त्यांच्याबद्दल विचारलं तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं, दोघं वेगळे म्हणायचं. त्या एप्रिलमध्ये कागदवाल्यानं विचारलं, आणि मी म्हटलं.

जूनमध्ये एके संध्याकाळी एमेट आमच्याकडे आला. लायनेल गेल्यापासून त्याचे कपडे ढिले झाले होते. त्याच्या हातात कागद होते. त्यानं ते मला नाही, कुमुदला दिले. कुमुद दवाखान्यात नर्स होती, तिचं इंग्रजी चांगलं. ती उभ्याउभ्या वाचत गेली आणि मधेच खाली बसली.

"आत्या," ती म्हणाली, "एप्रिलमध्ये तुम्ही कुणाच्या कागदावर अंगठा दिलात?"

"रेशनच्या साहेबाच्या."

"इथं कसलं रेशन, आत्या?"

मग तिनं सांगितलं. घर लायनेलच्या नावावर भाड्यानं होतं. तो गेला, आता घरमालकाला घर रिकामं हवं होतं. वरच्या कोर्टानं गेल्याच वर्षी एक निकाल दिला होता. असे दोन पुरुष संसार केल्यासारखे एका घरात राहिले असतील तर मागं राहिलेल्याला कुटुंबातला माणूस धरायचं, त्याला बाहेर काढायचं नाही. म्हणजे एमेटला एवढंच दाखवायचं होतं की त्यांचं सगळं एक होतं. आणि घरमालकाच्या माणसानं जोडलेल्या कागदावर लिहिलं होतं की समोर राहणारी बाई रोज बघते, दोघांचं सगळं वेगळं होतं.

मी एमेटकडे बघितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"आजी," तो म्हणाला, "का सांगितलंत असं?"

मी त्याला तीन दगड सांगितले, काळं गाडगं सांगितलं, राख सांगितली. कुमुद इंग्रजी करून सांगत होती. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"आणि साखर मिळायची?"

"दोन कार्डांची."

"मग तुमची जाऊ हुशार होती," तो म्हणाला, कागद घेतले आणि आपल्या दारात गेला.

विलास रात्री जेवताना म्हणाला, "आई, आता तू यात पडायचं नाहीस. आपला घरमालकही तोच आहे."

"माझ्या अंगठ्यानं त्याचं घर जातंय, विलास."

"मग काय कोर्टात उभी राहून सांगणार? ते दोघं नवरा-बायकोसारखे होते म्हणून? इथं आपली दीडशे घरं आहेत मराठी. लोक काय म्हणतील, शेडग्यांची म्हातारी कुठं चहा पीत बसायची?"

"म्हणू देत."

"म्हणू देत काय. तुला गावी जायचंय का परत? तिकीट काढतो."

गावी माझं कुणी नव्हतं. घर दिरानं पाडून बांधलं होतं. हे विलासलाही ठाऊक होतं. तो बोलून गेला आणि ताटाकडे बघत बसला. कुमुद म्हणाली, "मी कोर्टाच्या तारखेला सुट्टी काढणार आहे. आत्यांना मी नेणार आहे."

सप्टेंबरात तारीख लागली. कोर्ट म्हणजे एक कोंदट खोली, वर फिरणारा पंखा, आणि चष्मा कपाळावर चढवलेले वयस्कर न्यायाधीश. मराठी दुभाषी मिळाला नाही म्हणून एक हिंदी बोलणारी बाई आणली होती. एमेटची वकील एक तरुण मुलगी होती. तिनं बाहेरच्या बाकावर मला समजावलं होतं, "आजी, सोपं आहे. तुम्हाला वाचता येत नाही. कागदावर काय लिहिलं होतं ते मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणा. कागद बाद होईल."

मी मान हलवली होती.

घरमालकाच्या वकिलानं तो कागद हातात धरला. "हा अंगठा तुमचा?"

"हो."

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाही."

"मग यात काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं म्हणणं आहे का तुमचं?"

एमेटची वकील माझ्याकडे बघत होती. हो म्हणायचं होतं. नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. पण मी एमेटकडे बघितलं. त्यानं लायनेलचा टाय घातला होता, निळा, पोस्टातला. त्याच्यासमोर मला पुन्हा झाकाझाक करवेना.

"ठाऊक होतं," मी म्हटलं. "मीच सांगितलं ते. त्या माणसानं एक शब्द पदरचा लिहिला नाही. मी खोटं सांगितलं."

"तेव्हा खोटं, की आता खोटं?"

"तेव्हा."

"कशावरून मानायचं?"

दुभाषी बाईनं ते हिंदीत विचारलं. मग मी जे पाहिलं होतं ते सांगत गेले. "लायनेल गेला ना, तेव्हा त्याच्या बहिणी दक्षिणेतून आल्या आणि मयत घेऊन गेल्या. तिकडं चर्चमध्ये एमेटला मागच्या बाकावर बसवलं. तो परत आला. मी बघायला गेले तर पाच दिवस शेगडी पेटली नव्हती. पातेलं कोरडं, कपबशी कोरडी. आमच्याकडे माणूस गेला की घरच्यांची चूल पेटत नाही, शेजारी भाकरी नेतात. मी भाकरी नेली. भाडेकरूची चूल पेटते, साहेब. पोटाला लागतंच. त्याची पेटली नाही."

न्यायाधीशांनी चष्मा खाली ओढून काहीतरी लिहिलं. एमेटनं मान वर केली नाही.

निकाल नोव्हेंबरात आला. कुमुदनं मला वाचून दाखवला. न्यायाधीश वाईट माणूस नव्हता. त्यानं लिहिलं होतं की या साक्षीदार बाईनं खोटं बोलल्याचं शपथेवर कबूल केलं, पण तिचं आधीचं सांगणं बाकीच्या पुराव्याशी जुळतं. खाली दारावर दोन घंटा, दोन नावं. टपालाच्या दोन पेट्या. बँकेची दोन वेगळी पुस्तकं. दोन झोपायच्या खोल्या, दोन पलंग. एकतीस वर्षांत या दोघांनी आपण एक घर आहोत असं कधी कुठं लिहून दिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. वर्षअखेरपर्यंत घर रिकामं करावं.

विलास म्हणाला, "आई, तू खोटं बोललीस तेव्हाही त्याचं घर गेलं, आणि खरं बोललीस तेव्हाही गेलं." टोमणा म्हणून नाही म्हणाला. पण लागायचं ते लागलंच.

डिसेंबरात मी पुस्तकं बांधायला मदत करायला गेले. एका कॉलेजच्या लायब्ररीनं चाळीस खोकी घ्यायचं कबूल केलं होतं. त्यापेक्षा जास्त त्यांच्याकडे जागा नव्हती. एमेट खोकी निवडत होता. कुठलं पत्र जायचं, कुठलं राहायचं. राहायचं म्हणजे फुटपाथवर.

"कशावरून निवडताय?" मी विचारलं.

"ज्यांनी सही केलीय ते जातील."

"आणि बिनसहीचे?"

त्यानं पुढचा गठ्ठा उघडला. सगळ्यात जास्त गठ्ठे बिनसहीचेच होते.

दुपारी त्यानं मला मागच्या लहान खोलीत नेलं. मी सहा वर्षांत ती खोली आतून पाहिली नव्हती. तिथं एक अरुंद पलंग होता. गादी नवी कोरी, चादर ताणून घातलेली, उशीला घडीची रेघसुद्धा तशीच.

"ही माझी खोली," तो म्हणाला. "एकोणसाठ साली घेतला हा पलंग. लायनेलच्या ऑफिसातनं कुणी आलं, माझी आई आली, विमेवाला आला, की हे दार उघडं ठेवायचं. दर महिन्याला चादर बदलायची. लायनेल म्हणायचा, थोडी चुरगाळ, खरं वाटायला हवं. मी रविवारी इथं पाच मिनिटं लोळायचो."

मी दारात उभी होते.

"खालच्या दोन घंटा मीच लावल्या. बँकेची पुस्तकं वेगळी ठेवायची कल्पना लायनेलची. आजी, त्या माणसाला तुम्ही एप्रिलमध्ये जे सांगितलंत ना, तेच आम्ही एकतीस वर्षं सगळ्यांना सांगत होतो. तुम्ही पहिल्याच, ज्यांनी ते आमच्यासाठी सांगितलं."

मी म्हटलं, "तुम्ही मला रागवा तरी, एमेटराव."

"कशाला? राख छान पसरली होती आपण सगळ्यांनी."

मग तो त्या पलंगावर बसला. माझ्यासमोर तो रडला तो त्या एकाच दिवशी, तेही फार वेळ नाही. मी घरात जाऊन चहा करून आणला. त्याची शेगडी तोपर्यंत काढून ठेवली होती.

एकतीस डिसेंबरला दोन माणसं आली आणि त्याचं सामान क्वीन्सच्या बाजूला एका वृद्धाश्रमात नेलं. एक खोली, एक खिडकी. उरलेली पुस्तकं दोन दिवस फुटपाथवर बर्फात होती. मी खाली जाऊन जेवढी उचलता आली तेवढी उचलली. कुठली उचलावी हे मला कळत नव्हतं, तेव्हा वाचता येत नव्हतं. जाडजूड सोडली आणि पातळ घेतली, कारण पातळ जास्त मावली. विलासनं ती पलंगाखाली ठेवू दिली.

पुढची पाच वर्षं मी दर गुरुवारी दोन बस बदलून त्याच्याकडे जायची. बसवरचे आकडे वाचता यावेत म्हणून त्यानं मला आधी आकडे शिकवले, मग इंग्रजी अक्षरं. मराठी अक्षरं कुमुदनं शिकवली. दोन्ही मी साठीनंतर शिकले. पलंगाखालची पुस्तकं मी एकेक करून त्याच्याकडे नेत असे. त्याचे डोळे गेल्यावर मीच ती वाचून दाखवायची. एका पानाला तास लागायचा. चुकीचा उच्चार केला की तो छापखान्यातल्यासारखा बोट वर करायचा आणि मी थांबायची. बऱ्याच शब्दांचे अर्थ मला कळत नसत. आपापल्या गावात राहणाऱ्या, कुणालाच काही सांगता न येणाऱ्या माणसांच्या गोष्टी असायच्या, एवढं कळायचं. त्या खोलीत दुसरं कुणी कधी आलेलं मी पाहिलं नाही. वृद्धाश्रमातल्या बाया मला त्याची मोलकरीण समजायच्या. एकीनं एकदा विचारलं, मी त्याची कोण. मी म्हटलं, "घरची."

तिनं ते लिहून घेतलं.

लायनेल आठ फेब्रुवारी एकोणीसशे नव्वदला गेला. एमेट नऊ नोव्हेंबर एकोणीसशे पंच्याण्णवला गेला. गुरुवार होता. त्याचं वय चौऱ्याहत्तर होतं. तो सकाळी साडेदहाला गेला, आणि माझी बस अकराला पोचली.